डिफायंट म्हणजे नक्की काय? 'उद्धट' म्हणून सांगितलं आणि घरात महाभारत झालं

मनवा_फ्रिमाँट

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी शब्दाने चार दिवस डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. मंगळवारी त्याच्या बाईंची ईमेल आली. तीन ओळींची. वर्गात हूड काढायला तीनदा सांगितलं, त्याने काढलं नाही, "ही वॉज डिफायंट". खाली नेहमीचं, घरी बोलावं, सहकार्याबद्दल आभार.

झालं काय होतं ते लेकाकडून काढून घ्यायला एक अख्खं जेवण आणि दोन बेसनाचे लाडू खर्ची पडले. सोमवारी रात्री बाबाने घरीच मशीन लावून त्याचे केस कापले होते. इथले न्हाव्याचे दर बाबाच्या जिवावर येतात. मशीनची क्लिप मध्येच निसटली आणि उजव्या कानाच्या वर दोन रुपयांच्या नाण्याएवढं टक्कल पडलं. सकाळी साहेब हूड चढवून शाळेत. वर्गात हूड घालायचं नाही हा नियम त्याला माहीत आहे, पहिलीपासून आहे. बाईंनी पहिल्यांदा सांगितलं, हा गप्प. दुसऱ्यांदा सांगितलं, "नो." तिसऱ्यांदा बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा याने त्यांच्याकडे बघत दोन्ही हातांनी नाड्या ओढल्या आणि हूड एवढं आवळलं की नुसतं नाक बाहेर. वर्ग खिदळला. याची रवानगी ऑफिसात.

टकलाबद्दल त्याने कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. बाईंना ते ठाऊकच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही.

खरी पंचाईत शनिवारी झाली. कराडहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. नणंदेमार्फत बातमी आधीच पोचलेली. "शाळेतून तक्रार आली म्हणे?" मी पटकन म्हणून गेले, "हो आई, बाई म्हणाल्या, उद्धटपणा केला." झालं. "उद्धट? सात वर्षांचं पोर उद्धट? तुम्ही काय बोलता त्याच्यासमोर?" मी सावरायला गेले, उद्धट नाही, हट्टी म्हणाल्या. "हट्टी पोराची कुणी चिठ्ठी पाठवतं का? मग सगळ्या शाळेलाच पाठवायला पाहिजे." शेवटी मी म्हटलं, बंडखोर म्हणा. त्यावर त्या हसल्या. "बंडखोर? म्हणजे काय, अपक्ष अर्ज भरलाय का त्याने?"

आता सांगा. डिफायंट म्हणजे नक्की किती वाईट? डिसओबीडिअंट आणि डिफायंट यांत फरक काय? आणि सासूबाईंना सांगता येईल असा मराठी शब्द आहे का? शाळेच्या नियमपुस्तिकेत 'विलफुल डिफायन्स' असाही एक प्रकार दिसला, त्याने जरा धास्तावले आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खिळेजुळारी

मनवाताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अपक्ष अर्जाचं वाक्य आमच्या डेस्कवर कुणी टाकलं असतं तर मी त्याला भजी खिलवली असती.

एकतीस वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादकी केली. लागलो तेव्हा खरोखरच छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे, म्हणून हे टोपणनाव. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करणं हे रोजचं दळण. 'इन डिफायन्स ऑफ' आठवड्यातून चारदा तरी यायचं आणि प्रत्येक वेळी पेन अडायचं. कारण सांगतो. इंग्रजी शब्द बाजू घेत नाही. अमुकने तमुकचा हुकूम उघड उघड मोडला, एवढंच तो सांगतो. मराठी क्रियापद लिहिलं की तुम्ही कुणाच्या तरी बाजूला जाऊन बसलेलेच असता.

बैलगाडा शर्यतीचं घ्या. सर्वोच्च न्यायालयाची बंदी मे २०१४ मध्ये आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत कुठे ना कुठे शर्यत व्हायचीच. आता मथळा करा. 'बंदी झुगारून शर्यत' म्हटलं की वाचकाला उधळलेला भंडारा दिसतो आणि बैलांच्या घुंगरमाळा ऐकू येतात. झुगारायचं असतं ते जोखड, त्यामुळे झुगारणारा आपोआप शूर ठरतो. 'बंदी धाब्यावर बसवून शर्यत' म्हटलं की आयोजकांवर गुन्हा दाखल झाल्याचा वास येतो. हे धाबं म्हणजे हायवेवरचं जेवणाचं नव्हे, जुन्या घराचं मातीचं सपाट छप्पर. नको ती वस्तू फेकायची जागा. नियम धाब्यावर बसवणारा माणूस मराठीत कधीच चांगला नसतो. बिल्डर असतो.

'धुडकावणे' फसवं आहे, कारण ते दोन्ही दिशांना चालतं. आंदोलक आदेश धुडकावतात आणि सरकार मागणी धुडकावतं. डिफायन्स नेहमी खालून वर जातो. मंत्र्याने शिपायाला डिफाय केलं असं इंग्रजीत होत नाही.

'आव्हान' तर कटाक्षाने टाळा. कोशात डिफायन्सपुढे तो शब्द सापडेल, पण आदेशाला आव्हान दिलं म्हणजे मराठी वाचकाच्या लेखी माणूस वकील करून हायकोर्टात गेला. म्हणजे नेमकं उलटं. आव्हान देणारा म्हणतो, तुमचा हुकूम चूक आहे का ते वरच्याला विचारू. डिफाय करणारा वरच्याला विचारायला थांबत नाही.

आता तुमच्या चिरंजिवांचं. उद्धट हा सुराचा दोष आहे, न ऐकण्याचा नाही. चहा आणून देतो पण कपबशी आपटतो तो मुलगा उद्धट. त्याने ऐकलेलं असतं. हट्टी मुलाला काहीतरी हवं असतं, सायकल, कुत्रा, मोबाइल. बंडखोर हा शब्द तर राजकारण्यांनी पार नासवला. निवडणुकीत अर्ज भरेपर्यंत बंडोबा, माघारीच्या दिवशी थंडोबा. चार माणसं जमवल्याशिवाय बंड होत नाही आणि तुमचा पठ्ठ्या एकटा होता.

मी असतो तर 'जुमानलं नाही' लिहिलं असतं. या क्रियापदाची गंमत अशी की त्याला होकार माहीतच नाही. 'तो आईला फार जुमानतो' असं कुणी बोलताना ऐकलंय? जन्मतःच नकार घेऊन आलेलं क्रियापद आहे. तरी त्यात एक उणीव आहे. जुमानलं नाही म्हणताना समोरच्याला ते दिसलं की नाही हे कळत नाही. नाड्या ओढल्या ते त्यात येत नाही.

सुभेदार_निवृत्त

जय हिंद. शाळेतलं मला कळत नाही. पण हा शब्द आमच्या कायद्यात आहे, आणि त्याच्यासाठी शिक्षा आहे, म्हणून लिहितो.

आर्मी अॅक्ट १९५०, कलम ४१. वरिष्ठाचा हुकूम न मानणे. त्याचे दोन भाग आहेत. दुसरा भाग साधा. कायदेशीर हुकूम दिला, पाळला नाही. शांततेच्या जागी असाल तर पाच वर्षांपर्यंत कैद. पहिला भाग वेगळा. वरिष्ठाने जातीने दिलेला हुकूम अशा रीतीने मोडला की त्यातून 'विलफुल डिफायन्स ऑफ अथॉरिटी' दिसली. इथे चौदा वर्षांपर्यंत. शांतता असो की लढाई. हुकूम एकच, न पाळणं एकच. पाच आणि चौदा यांच्यातला जो फरक आहे ना ताई, तोच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

प्रसंग सांगतो. नाव, युनिट, जागा सांगणार नाही. मी हवालदार होतो. एका जवानाची सुट्टी नामंजूर झाली होती. घरी काहीतरी होतं, मला पूर्ण माहिती नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे पार्टी वर निघायची होती. मी म्हणालो, पिट्टू उचल. तो उभा राहिला. मी परत म्हणालो, पिट्टू उचल. त्याने काय करावं? पाठीवरचा अर्धा चढवलेला पिट्टू खाली उतरवला. हळूच. आपटला नाही. माझ्या बुटासमोर ठेवला, सावधान झाला, कडक सॅल्यूट मारला आणि म्हणाला, "नहीं उठाऊंगा, साब." मागे अकरा माणसं उभी होती.

सीओ साहेबांसमोर, म्हणजे कमांडिंग ऑफिसरसमोर, पेशी झाली. साहेबांनी मला तीन गोष्टी विचारल्या. हुकूम तू स्वतः दिलास का? त्याला ऐकू गेला का, समजला का? आणि त्याने नुसतं केलं नाही, की करणार नाही हे दाखवलं? तिसऱ्या प्रश्नाला मी अडखळलो. कारण खरं सांगितलं असतं तर पोराचं आयुष्य गेलं असतं. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि पुढचं विचारलं नाही. दुसऱ्या पोटकलमात घेतलं. अठ्ठावीस दिवसांवर निभावलं. नंतर कळलं, आई आजारी होती.

त्याच प्लाटूनमध्ये दुसरा एक होता. कधीच नाही म्हणाला नाही. "जी साब, अभी करता हूं साब." आणि काम कधीच झालेलं नसायचं. मला त्रास त्या दुसऱ्याचा जास्त. पण त्याला डिफायंट म्हणता येत नाही. तो कामचोर. डिफायंट माणूस लपवत नाही.

तुमच्या मुलाने पहिल्यांदा ऐकलं नाही, ते कलमात बसत नाही. दुसऱ्यांदा "नो" म्हणाला, ते पोटकलम दोन. बाई समोर उभ्या असताना त्यांच्या डोळ्यांत बघून नाडी ओढली, ते पोटकलम एक. बाईंनी शब्द बरोबर वापरला आहे. मूल सात वर्षांचं आहे हे वेगळं.

मनवा_फ्रिमाँट

सुभेदार काका, पिट्टूचं वाचून गलबलून आलं. नाडीचं वाचून हसू आलं आणि पाठोपाठ जरा भीतीही वाटली. माझ्या मुलाचा गुन्हा आणि भारतीय सेनेचा कायदा यांत अक्षरशः तेच दोन शब्द आहेत!

आयटीतला_वारकरी

काका, तुमच्या प्रतिसादाला साष्टांग.

शब्दाचं मूळ पाहिलं तर सुभेदार काकांचा सॅल्यूट जास्त कळतो. डिफाय हा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला आहे. पोटात लॅटिनचा विश्वास, निष्ठा अशा अर्थाचा शब्द आणि त्याच्यापुढे तो मोडणारा उपसर्ग. मध्ययुगीन युरोपात सरदार आपल्या धन्याला इमान वाहायचा. ते इमान परत घ्यायचं झालं तर तसं रीतसर कळवायचं असे. आजपासून मी तुमचा माणूस नाही, याउपर शस्त्र उचललं तर तो दगा समजू नये. डिफाय करणं म्हणजे मुळात हे कळवणं. चोरून फितूर होणारा वेगळा, सांगून तुटणारा वेगळा. सांगण्याचा भाग शब्दात पहिल्यापासून आहे, नंतर चिकटलेला नाही. म्हणूनच खिळेजुळारी काकांना 'जुमानलं नाही' अपुरं वाटतंय.

पुढे इमान गळालं आणि शब्द सैल झाला. आता इंग्रजीत गुरुत्वाकर्षणाला डिफाय करतात, वयाला करतात, तर्काला करतात. 'इट डिफाइज डिस्क्रिप्शन' म्हणजे वर्णन करायला शब्द पुरत नाहीत. तिथे बंडबिंड काही नाही. आणि 'आय डिफाय यू टु फाइंड वन' म्हटलं तर त्याचा अर्थ 'एक तरी शोधून दाखवाच', पैज लावण्याचा सूर. हे दोन वापर ओळखीचे नसतील तर वाचताना माणूस भलतीकडे जातो.

अवांतर: आमच्या टीममध्ये एक जण प्रत्येक मेलमध्ये डेफिनेटलीच्या जागी डिफायंटली लिहितो. स्पेलिंगमधल्या अक्षरांची अदलाबदल, बाकी काही नाही. 'आय विल डिफायंटली अटेंड द मीटिंग.' म्हणजे तुम्ही कितीही नको म्हणा, मी मीटिंगला येणारच, बघू कोण अडवतं. मॅनेजरने सहा महिने वाचलं आणि एकदाही डोळे वर केले नाहीत. आम्हीही त्याला सांगितलेलं नाही. सोमवारी सकाळी तेवढीच करमणूक असते.

अबोली_सॅनहोजे

मनवा, मी इथल्या शाळांमध्ये बदली शिक्षिका म्हणून जाते, त्यामुळे 'विलफुल डिफायन्स'चं तेवढं सांगते. घाबरू नकोस.

हा शब्द कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यातला आहे. कलम ४८९००, त्यातला 'के' हा भाग. शिक्षकांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या रास्त अधिकाराला मुद्दाम डिफाय करणं हे मुलाला काही दिवस शाळेबाहेर काढायला पुरेसं कारण होतं. अडचण अशी की यात काहीही बसायचं. टोपी न काढणं, गृहपाठ न आणणं, डोळे फिरवणं, उत्तर न देणं. आणि काळ्या मुलांना ते जास्त वेळा लावलं जातं हे दिसत गेलं. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये या कारणावरून मुलांना बाहेर काढणं थांबवलं. २०१५ पासून राज्यभर तिसरीपर्यंतच्या मुलांना त्यातून वगळलं, जुलै २०२० पासून चौथी-पाचवीलाही, आणि २०२४ पासून बारावीपर्यंत, ते सध्या २०२९ पर्यंतच्या मुदतीने. म्हणजे तुझा मुलगा दुसरीत आहे तोवर, एवढ्याच कारणावरून त्याला घरी बसवता येणार नाही. नियमपुस्तिकेत शब्द राहतात, दात काढून घेतलेले असतात.

आणखी एक, विचारलं नाहीस तरी सांगते, कारण रात्री दोन वाजता तू ते शोधशीलच. 'ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर' असं एक निदान आहे. त्यासाठी ठरलेल्या आठ लक्षणांपैकी किमान चार, किमान सहा महिने, आणि त्याच्या वयाच्या मुलांमध्ये दिसतं त्यापेक्षा ठळकपणे जास्त असावी लागतात. एक मंगळवार आणि एक टक्कल यात बसत नाही. ती खिडकी बंद कर आणि झोप.

बाईंना टकलाबद्दल एक ओळ मात्र जरूर लिही. मी अशा वर्गांत उभी राहिले आहे. तीस जोडी डोळे बघत असताना मूल नाडी ओढतं तेव्हा आपल्याला त्याच्या डोक्यावर काय झालंय ते दिसत नाही, आपण हरतोय की काय एवढंच दिसतं.

पोलादपूरकर

चर्चा छान चालली आहे. पण सुभेदारसाहेब आणि खिळेजुळारी या दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे. अधिकार एकच असतो आणि तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं. बटालियनमध्ये असेल तसं. आमच्या महाडात तसं नव्हतं.

मी शाळामास्तर, आता निवृत्त. दर वर्षी मार्चमध्ये मुलांना चवदार तळ्यावर न्यायचो. वीस मार्च १९२७ ला बाबासाहेब ते पाणी प्यायले. याविषयीच्या इंग्रजी मजकुरात डिफाय हा शब्द हमखास येतो. मी मुलांना विचारायचो, सांगा, हुकूम कुणाचा मोडला? पोरं म्हणायची, सरकारचा. चूक. मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. कागद सगळे बाबासाहेबांच्या बाजूचे. मोडली ती रूढी, जिने कधी कागदावर सही केली नव्हती. आणि तिचा मार मात्र लगेच बसला. परत निघालेल्या लोकांना झोडपलं, पुढे एकशे आठ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं.

खरी परीक्षा डिसेंबरात. दुसऱ्या परिषदेला हजारो लोक आले होते, तळ्यावर जायचंच म्हणून. तोवर नगरपालिकेने ठराव फिरवला होता आणि सनातन्यांनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. आता पाणी प्यायलं असतं तर तो न्यायालयाचा हुकूम मोडणं झालं असतं. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी थांबवलं. बॅरिस्टर माणूस, कोर्टात लढायचं ठरवलं. आणि त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळली.

म्हणजे बघा. एका आठवड्यात, एकाच मांडवात, एका अधिकाराचा कागद पाळला आणि दुसऱ्या अधिकाराचा ग्रंथ सगळ्यांदेखत आगीत घातला. यातलं डिफायन्स कुठलं हे सांगायला मुलांना वेळ लागत नसे. दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून यायला १७ मार्च १९३७ उजाडला. सव्वानऊ वर्षं. खिळेजुळारींनी वर 'आव्हान' आणि डिफायन्स यांतला जो फरक सांगितला, तो इथे दोन्ही हातांनी एकदम वापरलेला दिसतो.

गांधीजींचंही एक सांगतो. एप्रिल १९१७, चंपारण. जिल्हा सोडून जा असा हुकूम मिळाला, गेले नाहीत. मोतिहारीच्या कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला आणि सांगितलं की कायदेशीर सत्तेबद्दल अनादर म्हणून मी हे केलेलं नाही, सदसद्विवेकाचा जो वरचा कायदा आहे त्याची आज्ञा पाळली. सुभेदारसाहेबांच्या तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवलं. हुकूम मोडला, उघड मोडला, पण डिफायन्स म्हणू नका. पुढे मराठीत 'सविनय कायदेभंग' म्हटलं गेलं ते उगाच नाही. त्यातला 'सविनय' काढला तर उरतं ते सुभेदारसाहेबांचं कलम.

मनवाताईंच्या लेकाकडे दोन कायदे होते. वर्गात हूड नको, हा बाईंचा. टक्कल दिसलं तर मुलं वर्षभर चिडवतील, हा मुलांचा. त्याने दुसरा पाळला.

सुभेदार_निवृत्त

मास्तर, मान्य. पण विनय असेल तर नाडी ओढायची नाही. माझ्या जवानाने सॅल्यूट मारला होता.

खिळेजुळारी

आणि तरी तुम्ही सीओंसमोर अडखळलात, सुभेदार. मास्तर, मनाईहुकूमाचा मुद्दा मला सुचायला हवा होता. डेस्कवर दर डिसेंबरात मनुस्मृतिदहनाची बातमी लावली आणि दर मार्चमध्ये तळ्याची. दोन्ही एकत्र ठेवून कधी वाचल्या नाहीत.

मनवा_फ्रिमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अबोली, खिडकी खरंच उघडी होती, बंद केली.

काल बाईंना टकलाबद्दल लिहिलं. फोटोही जोडला. त्यांचं उत्तर वीस मिनिटांत आलं. केस येईपर्यंत हूड चालेल, फक्त नाड्या आत खोचलेल्या हव्यात. लेकाला सांगितलं. त्याने जरा विचार करून विचारलं, मग नाड्या काढूनच टाकू का? काढल्या. आता त्या माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.

बाबासाहेबांचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला मनाईहुकूम कळेल असं वाटत नाही, पण पाणी कळेल. बघू.

आज सकाळी मी स्वतःच कराडला फोन लावला. सगळी तयारी करून. म्हटलं आई, उद्धट नाही, हट्टी नाही, बंडखोरही नाही. त्याचा अर्थ असा, की बाईंनी समोर उभं राहून सांगितलं, याला नीट ऐकू आलं, कळलं, आणि तरी त्यांच्याकडे बघत, त्यांना दिसेल असं, मी नाही ऐकणार हे याने दाखवलं. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. त्या बराच वेळ गप्प. मला वाटलं कॉल अडकला.

मग म्हणाल्या, "म्हणजे बधला नाही. असं सांग ना. त्याला एवढं काय इंग्रजी लागतंय."

खिळेजुळारी काका, बधणे! आपल्या कुणालाच सुचलं नाही. आणि हेही नकारातच जगणारं क्रियापद, तुमच्या जुमानण्यासारखं. समोरचा रेटतोय आणि हा हलत नाही, हे त्यात आपोआप येतं. बघत नाडी ओढणं येतं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी खूश होऊन कॉल बंद करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण त्याचे केस कापले कुणी?"

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि चहा ठेवायला गेले.